सातवी खुर्ची

आमच्या लुंडेन गावात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुला त्रास होणार नसेल तर" असं पुटपुटत घ्यायचं. मग ती कॉफी असो, वडी असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ओढून द्यायची असो. ज्याला एखादी गोष्ट खरोखरच नको असते त्याने काय करायचं, याची सोय आमच्या वाडवडिलांनी केलेली नाही. नॉर्वेहून अमेरिकेला निघताना बोटीत सामान बेताचंच आणावं लागलं, त्यात हे मागे राहून गेलं असणार.

आर्लिस क्वामी शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली ती यामुळे.

आर्लिस तेव्हा बासष्ट वर्षांची होती. त्यातली एकोणतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली होती, उत्तरेकडच्या लांबच्या शेतांवरची. मे महिन्यात ती निवृत्त झाली. शाळेने जेवणाच्या हॉलमध्ये केक कापला आणि मुख्याध्यापक म्हणाले, "आर्लिसने कधी त्रास दिला नाही." यापेक्षा मोठी स्तुती आमच्याकडे कुणाच्या मयतीतसुद्धा होत नाही. नवरा ऑर्लिन जाऊन अकरा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. घर गावाबाहेर, आणि रस्त्यापलीकडे एकच शेजारी, डेल्मर रुस्टाड. तोही विधुर, अडुसष्टचा, दोन हजार एकरांचा धनी. ऑर्लिन गेला त्या हिवाळ्यात डेल्मरने ट्रॅक्टर आणून आर्लिसच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढून दिला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तो न सांगता काढतोय. ती न सांगता त्याच्या पायरीवर वड्यांची ताटली ठेवते. यावर दोघं एक शब्दही बोललेले नाहीत. बोलायचं काय त्यात!

तर ऑगस्टमध्ये एका दुपारी मार्व्हेल ऑस्टबी तिच्याकडे आली. मार्व्हेल म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची कायमची अध्यक्ष. गावात कुठलंही काम कुणाच्या गळ्यात बांधायचं असलं की दोरी मार्व्हेलच्या हातात असते. खजुराच्या वड्यांची ताटली मध्ये होती. तीन उरल्या होत्या.

"हॅरल्डने मंडळ सोडलं," मार्व्हेल म्हणाली. "छातीत धडधडतं म्हणे."

"बाई बाई," आर्लिस म्हणाली.

हॅरल्डची छाती का धडधडत होती ते साऱ्या गावाला माहीत होतं. शाळा मंडळावर सात जण. सातवी ते बारावीचे वर्ग बंद करून ती मुलं अठ्ठावीस मैलांवरच्या ब्रॉकवेला पाठवायची की नाही, हा प्रश्न दोन वर्षं लोंबकळत होता. तिघं पाठवा म्हणणारे, तिघं ठेवा म्हणणारे, आणि सातवा हॅरल्ड, जो दर बैठकीत "मला जरा विचार करू द्या" म्हणायचा. आता त्या खुर्चीवर जो बसेल तो शाळेचा निकाल लावणार होता.

"तू उभी राहा," मार्व्हेल म्हणाली.

"छे गं! मला काय कळतं त्यातलं."

"एकोणतीस वर्षं मुलं नेलीस-आणलीस. तुझ्याइतकी मुलं कुणी बघितलीत?"

"पाठमोरी बसून बघितली. आरशात."

"आर्लिस, उभी राहा ना."

"नको गं. माझं गुडघ्याचं आहेच."

"खुर्चीवर बसायला गुडघा कशाला लागतो? बघ, कुणीच तयार नाही. मी सगळं गाव पालथं घातलं."

आर्लिसने कॉफीत चमचा फिरवला. त्यात साखर नव्हती, ती घालतच नाही. "दुसरं कुणी नसेलच तर..." ती म्हणाली.

तिच्या मनात याचा अर्थ होता, 'दुसरं कुणीतरी बघ.' मार्व्हेलने ऐकला तो अर्थ होता 'हो'. पण हे तिसऱ्यांदाचं हो जरा पातळ वाटलं, म्हणून मार्व्हेल तिथून निघाली ती सरळ रस्ता ओलांडून डेल्मरच्या अंगणात. आपली एक सोय असावी म्हणून. डेल्मरही दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "अगदीच कुणी नसेल तर बघू."

जायच्या आधी मार्व्हेलने आर्लिसकडच्या वडीचं जे केलं तेही सांगायला हवं. तीनपैकी दोन दोघींनी खाल्ल्या. शेवटची एक राहिली. आमच्याकडे ताटलीतली शेवटची वडी कुणी घेत नाही, ते हावरटपणाचं लक्षण. मार्व्हेलने तिचा अर्धा तुकडा कापला. मग आर्लिसने उरलेल्याचा अर्धा. मग मार्व्हेलने त्याचा अर्धा. शेवटी नखाएवढा तुकडा राहिला, तो आर्लिसने संध्याकाळी पक्ष्यांना टाकला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी चार वाजता मार्व्हेलचा फोन आला, "अजून एकही अर्ज नाही." आर्लिस गाडी काढून निवडणूक कचेरीत गेली. आपण काय करतोय हे तिला धड ठाऊक नव्हतं. कुणीतरी अर्ज भरलेला असेल, तो बघून परत येऊ, असं काहीसं डोक्यात होतं. काउंटरवर जोलीन होती. जोलीन शाळेत असताना सात वर्षं आर्लिसच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची.

"या आर्लिस, अर्ज भरायला आलात?"

आता समोर पेन धरलेलं असताना नाही कसं म्हणायचं! पाचला दहा कमी असताना आर्लिसने सही केली. पाचला दोन कमी असताना डेल्मर आला, मार्व्हेलचा फोन त्यालाही गेला होता, आर्लिस ऐनवेळी बुजली असणार असं मनाशी धरून, आणि त्यानेही सही केली. नाव मागे घ्यायला दोन दिवसांची मुदत होती. आमचं वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा येतं. ते आलं तोवर मुदत संपली होती, आणि पहिल्याच पानावर शेजारी शेजारी दोन नावं छापलेली: क्वामी, रुस्टाड.

त्या दिवशी संध्याकाळी आर्लिस पत्रपेटीपाशी गेली, तर डेल्मरही त्याच्या पेटीपाशी उभा. मध्ये फक्त रस्ता.

"पेपर बघितलास?" तो म्हणाला.

"बघितला."

"पाऊस यायला हवा जरा."

"हो ना. मका वाळतोय."

आणि दोघं आपापल्या घरी गेले.

पुढचे दोन महिने आर्लिसच्या डोक्यात जो गोंधळ माजला तो काही विचारू नका. गावाने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं. आर्लिस बसवाली, मुलांना अठ्ठावीस मैल जादा हिंडवणं तिला कसं पटेल? म्हणजे ती शाळा ठेवणार. डेल्मर जमीनदार, शाळेसाठी सगळ्यात जास्त कर तोच भरतो. म्हणजे तो बंद करणार. हे आर्लिसला किंवा डेल्मरला कुणी विचारलं मात्र नाही. तोंडावर असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं.

आणि विचारलं असतं तरी आर्लिस काय सांगणार होती? तिचं तळ्यात मळ्यात चाललं होतं. शाळेच्या बोळात दर वर्षीच्या बारावीचे फोटो लावलेत. तिच्या वर्षी फोटोत चौतीस चेहरे. गेल्या वर्षी चार. शाळेचा मोठ्या वर्गांचा वरचा मजला बंद झाला तर मागोमाग किराणा दुकान जाईल, मग कॅफे, मग पाद्री दर दोन रविवारांनी येईल. शेजारची दोन गावं अशीच विझलेली तिने बघितली होती. असा विचार करत ती बिछान्यावर पडायची आणि ठरवायची, ठेवायची शाळा. सकाळी उठली की तिला बसमधला आरसा आठवायचा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यात नऊ मुलं दिसायची. नऊ मुलं, प्रत्येक जण वेगळ्या बाकावर, मध्ये रिकामे बाक. कुणी कुणाची टोपी ओढत नाही, कुणी ओरडत नाही. पूर्वी चौपन्न मुलांच्या बसमध्ये ती घसा फोडून "बसा खाली!" म्हणायची. आता म्हणायला काही उरलंच नव्हतं.

मग दुपारपर्यंत ती पुन्हा उलट्या बाजूला.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात दोघा उमेदवारांची सभा झाली. साठ-सत्तर माणसं, बटाटे, मांस, भाज्या एकत्र भाजलेले तीन प्रकारचे हॉटडिश आणि मार्व्हेल सूत्रधार. तिने चिठ्ठी वाचली, "वरच्या वर्गांबद्दल उमेदवारांचं मत काय?" चिठ्ठी कुणाची ते सांगितलं नाही, म्हणजे तिचीच.

आर्लिस उभी राहिली. "मला वाटतं, याच्या दोन बाजू आहेत," ती म्हणाली. "आणि दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत." मग ती बसली. टाळ्या पडल्या.

डेल्मर उभा राहिला. त्याने टोपी हातात फिरवली. "आर्लिस म्हणाली ते बरोबर आहे," तो म्हणाला. त्यालाही टाळ्या पडल्या, जरा जास्तच, कारण तो थोडक्यात बोलला होता.

घरी जाताना माणसं एकमेकांना सांगत होती की दोघांनीही मुद्दे कसे स्पष्ट मांडले.

मतदानाच्या दिवशी आर्लिस पडद्यामागे गेली आणि चिठ्ठीवर दोन नावं बघत उभी राहिली. स्वतःच्या नावापुढे खूण करायची म्हणजे ताटलीतली शेवटची वडी उचलण्यासारखंच. पण एवढंच नव्हतं, आणि हे तिला तिथेच, पेन्सिल हातात असताना कळलं. शाळा बंद करणं बहुधा बरोबर आहे, असं तिला आतून वाटायला लागलं होतं. आणि डेल्मर निवडून आला तर तो ती बंद करणारच होता. म्हणजे सापही मेला असता आणि आर्लिसची काठीही मोडली नसती. तिने डेल्मरच्या नावापुढे खूण केली आणि बाहेर येऊन छातीवर 'मी मत दिलं'चा कागदी बिल्ला चिकटवून घेतला. दिवसभर तो बिल्ला तिला टोचत होता.

मतं मोजली. आर्लिस क्वामी एकशे अठरा, डेल्मर रुस्टाड एकशे अठरा. पुन्हा मोजली. तेवढीच.

आठवड्याने दोघांना निवडणूक कचेरीत बोलावलं. जोलीनने टेबलावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला होता आणि त्यात दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. मार्व्हेल साक्षीला आली होती, शिवाय बघायला म्हणून पंधरा-वीस जण भिंतीला टेकून उभे.

"असं बघा," जोलीन म्हणाली, "बरोबरी झाली की चिठ्ठी काढायची असा कायदा आहे. त्याआधी कुणाला नाव मागे घ्यायचं असेल तर लेखी देता येतं. पण दोघांनीही घेतलं तर खुर्ची रिकामी राहील, आणि ती भरायचं काम उरलेल्या सहांवर येईल."

भिंतीकडून कुणीतरी फुसकन हसलं. त्या सहांचं व्यायामशाळेच्या रंगावरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं. चार वर्षं भिंत अर्धी निळी आणि अर्धी पांढरी आहे.

"एक मताने तरी फरक पडायला हवा होता," मार्व्हेल म्हणाली.

डेल्मरने घसा खाकरला. "माझं मत मी आर्लिसला दिलं."

"अरे!" आर्लिस म्हणाली. "मी तुला दिलं."

जोलीन दोघांकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही दोघांनी आपापल्याला दिलं असतं, तरी बरोबरीच झाली असती."

सगळे हसले, डेल्मरही हसला. मग त्याने कोटाच्या खिशातून लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. "मी माघार लिहून आणलीय," तो म्हणाला. "तू बस, आर्लिस."

आर्लिसचा हात तिच्या पर्सवर होता. पर्समध्ये तिचा लिफाफा होता. रात्री तीनदा लिहून काढलेला, 'डेल्मर रुस्टाड अधिक योग्य असल्याने'. आता रीत अशी होती: तिने म्हणायचं, छे छे, तूच बस. त्याने म्हणायचं, नाही, खरंच तू. तिने आपला लिफाफा पुढे करायचा. मग दोघांनी लिफाफे एकमेकांकडे सरकवत राहायचं, आणि शेवटी नखाएवढं जे काही उरेल ते पक्ष्यांना.

मराठीत एक म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. आर्लिसला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. तिला तेवढंच जाणवलं की पर्समधला लिफाफा मोठेपणाचा नाही, भित्रेपणाचा आहे, आणि तिचे कान तापले.

"बरं," ती म्हणाली. "मी बसते."

 पहिल्याच खेपेला! मार्व्हेलचं तोंड उघडं राहिलं. डेल्मरचा हात लिफाफ्यावरच होता, तो पुढच्या दोन फेऱ्यांच्या तयारीत होता. त्याला तो काढून घ्यायचं सुचेना. जोलीनने हळूच लिफाफा त्याच्या हाताखालून ओढून घेतला आणि शिक्का मारला. आर्लिस असं का म्हणाली, ते तिला स्वतःला आजही नीट सांगता येत नाही.

बाहेर गाड्यांपाशी डेल्मर तिच्याजवळ आला. टोपी काढून त्याने डोकं खाजवलं.

"बरं झालं तू बसलीस," तो म्हणाला. "शाळा वाचली."

"काय म्हणालास?"

"जॉइसचा पियानो आहे ना तिथे. वरच्या मजल्यावर." जॉइस त्याची बायको, तीस वर्षं तिने त्या शाळेत गाणं शिकवलं होतं. "मजला बंद केला की तो कुठेतरी विकतील, नाहीतर फोडतील. मला कुणापुढे असं म्हणता आलं नसतं. पियानोसाठी शाळा चालवा, असं कसं म्हणायचं? पण तू बसमधून सगळं बघितलंयस, तू बरोबर करशील."

आर्लिसने कोटाचं वरचं बटण लावलं.  "थंडी वाढली," ती म्हणाली.

घरी येऊन ती कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. ज्याला बंद करणारा समजून मत दिलं तो ठेवणारा निघाला. ठेवणारी समजून ज्यांनी हिला मत दिलं, त्यांना ही कोण आहे हेच माहीत नाही. आणि हिला तरी कुठे माहीत होतं? इकडे आड आणि तिकडे विहीर असती तरी चाललं असतं, निदान कुठला आड आणि कुठली विहीर ते कळायला हवं होतं.

डिसेंबरभर बर्फ पडला. रोज सकाळी सातला रस्त्यापलीकडे ट्रॅक्टर सुरू व्हायचा, आणि डेल्मर तिच्या पायरीपर्यंत वाट मोकळी करून जायचा, पूर्वीपेक्षा जास्तच नीट, कोपरेसुद्धा काढून. ती पडद्याआडून बघायची आणि तिला रडू यायचं. तिने माणसांना सरळ विचारायचा प्रयत्न करून बघितला. दुकानात, कॅफेत, चर्चच्या पायऱ्यांवर. "तुला काय हवंय?" सगळे दचकून म्हणायचे, "तुला योग्य वाटेल ते कर, आर्लिस." मार्व्हेल म्हणाली, "हल्ली तू जरा वेगळीच वागतेस." आमच्याकडे 'वेगळीच' म्हणजे शिवी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे ती स्वतःची गाडी काढून उत्तरेच्या शेवटच्या शेतापर्यंत गेली, आणि तिथून घड्याळ लावून, जुन्या सगळ्या थांब्यांवर थांबत, थेट ब्रॉकवेला. एक तास चोवीस मिनिटं. लहान गोष्ट नव्हे ती. तिने वहीत आकडा लिहिला आणि मनात म्हणाली, झालं, ठेवायचीच शाळा. तेवढ्यात ब्रॉकवेच्या शाळेच्या आवारात मुलं जमायला लागली. तीन-चारशे तरी असतील. आणि काय तो गोंगाट! कुणी कुणाची टोपी पळवतंय, पोरींचा एक घोळका कशावर तरी किंचाळून हसतोय, दोघं बर्फात लोळताहेत. आर्लिसने काच खाली केली. उणे वीस तापमान होतं, तरी ती घंटा होईपर्यंत काच खाली ठेवून बसली होती. हा आवाज तिने पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

बैठक सोमवारी होती. रविवारी दुपारी ती वड्या न घेता, रिकाम्या हातांनी रस्ता ओलांडून गेली. डेल्मरने दार उघडलं.

"आत येतेस?"

"नाही. डेल्मर, मी वर्ग ब्रॉकवेला पाठवायच्या बाजूने मत देणार आहे. तुला आधी सांगायला आले."

त्याने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मुलांना मुलं लागतात रे. चार जणांत काय होणार त्यांचं? पियानोचं मी बघेन, तो खालच्या हॉलमध्ये आणायला लावीन, खालची मुलं आहेतच. पण मत मी ते देणार. मी चुकत असेन. मला अजूनही नक्की कळत नाही."

"हं," डेल्मर म्हणाला. "वेगळंच आहे हे." आणि त्याने दार लावून घेतलं, आपटलं नाही, पण लावलं.

सोमवारी चर्चच्या तळघरातल्या सभेपेक्षा दुप्पट माणसं आली होती. डेल्मर पहिल्या रांगेत बसला होता, टोपी मांडीवर. हात वर करायची वेळ आली तेव्हा तीन हात उठले आणि मग आर्लिसचा. ओरडलं कुणी नाही. माणसं उठली, खुर्च्या घडी करून भिंतीला नीट लावल्या आणि गेली. मार्व्हेलने जाता जाता म्हटलं, "सांभाळून जा, रस्ता निसरडा आहे." तेही तिच्याकडे न बघता. आर्लिस गाडीत येऊन बसली आणि किल्ली लावायच्या आधी बराच वेळ रडली. आपण बरोबर केलं की गावाच्या पोटात सुरी खुपसली, हे तिला खरंच कळत नव्हतं.

पहाटेपर्यंत फूटभर बर्फ पडला. सात वाजले. ट्रॅक्टरचा आवाज आला नाही. साडेसात, आठ. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. आर्लिसने तळघरातून ऑर्लिनचं फावडं काढलं, गुडघ्याला पट्टा बांधला आणि पायरीपासून खणायला सुरुवात केली. नऊपर्यंत जेमतेम गाडीएवढी जागा झाली. तिला वाटलं, आता हे असंच. आपण मागून घेतलंय.

साडेनऊला रस्त्यापलीकडे घरघर झाली. डेल्मर ट्रॅक्टर घेऊन आला, रस्त्याकडून सुरुवात करून तिच्यापर्यंत पोचला आणि इंजिन बंद करून खाली उतरला. त्याचं नाक लाल झालं होतं.

"मला फार राग आलाय तुझा," तो म्हणाला.

आर्लिस फावड्याला टेकून उभी राहिली. बासष्ट वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ऑर्लिननेसुद्धा नाही.

"कळतंय," ती म्हणाली.

"यायचं नाही असं ठरवलं होतं. सहापासून खिडकीत उभा होतो, 'नाही जायचं' म्हणत. मग तू ते फावडं घेऊन आलीस. त्या गुडघ्याने." त्याने हातमोज्याने नाक पुसलं. "राग आहेच अजून. तो गेलाय म्हणून आलो नाही."

"तो नको जायला," आर्लिस म्हणाली. "राहू दे." आणि मग तिने विचारलं, "कॉफी घेतोस?"

"घेतो," डेल्मर म्हणाला.

पहिल्याच खेपेला. दोघं आत आले, बूट दाराशी काढले. आर्लिसने कॉफी ओतली. टेबलावर खजुराच्या वड्यांची ताटली होती, शनिवारी केलेल्या, त्यातली एकच उरली होती. तिने सवयीने सुरी त्याच्यापुढे सरकवली. डेल्मरने सुरीकडे बघितलं, वडी अख्खी उचलली, एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कोरडी झालीय," तो म्हणाला.